फ्रिज सुरू होईपर्यंत

घंटा वाजवली तीच मुळी चुकीच्या दारावर. तक्रार होती चौथ्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनची. पण लिफ्ट बंद, खांद्यावर हत्यारांची जड पिशवी, आणि डोक्यात आदल्या दिवशीचा एक हट्टी मिक्सर घोळत असलेला; मिस्त्रीणबाई एक मजला कमीच चढल्या.

दार एका उंच, सडपातळ तरुणाने उघडलं. त्याच्या एका हातात चष्म्याची सुटी काच होती, दुसऱ्या हातात मऊ फडकं.

"मशीन कुठंय?" तिने चपला काढत विचारलं.

"कुठलं मशीन?"

"कपडे धुवायचं. बिघडलेलं."

"या घरात कपडे मी धुतो," तो गंभीरपणे म्हणाला. "हातानं. तक्रार असेल तर माझ्याविरुद्ध करावी लागेल."

आपण मजला चुकलो हे तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. माफी मागून वळायचं, एवढंच काम उरलं होतं. पण तेवढ्यात आतून आवाज आला... टक्, मग खुर्रर्र, आणि त्याच्यावर एक बारीक, न थांबणारी खडखड. तिचा पाय उंबऱ्यातच अडला.

"तुमचा फ्रिज आजारी आहे."

"तो वीस वर्षं असाच आहे."

"मग वीस वर्षं आजारी आहे!"

तो हसला. आतल्या पलंगावरून एक म्हातारा आवाज म्हणाला, "कोण आहे रे? खमकी दिसते." आणि ती जिना चढून पळाली.

तिची तरी काय चूक म्हणा! कुणाला रंग सोसत नाहीत, कुणाला वास. हिला खडखड सोसत नसे. आई गेल्यावर मामाने तिला वाढवलं ते दुकानातच, उघड्या पंख्यांच्या आणि इस्त्र्यांच्या गराड्यात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हे ती लिहिण्या-वाचण्याच्या आधी शिकली. आता मामाचे गुडघे जिने चढू देत नसत, म्हणून घरोघरी तीच जाई. लोक दार उघडून तिच्या मागे जिन्यात डोकावत आणि विचारत, "मिस्त्री कुठायत?" ती म्हणे, "आल्यात." सुरुवातीला चिडून म्हणायची, हल्ली मजेत म्हणायची.

आठ दिवसांनी दुकानातला फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरून. मिक्सर बंद पडला होता.

ती गेली. मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण अंगठ्याने दाबलं आणि मिक्सर सुरू झाला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

"जास्त भार पडला की हे बटण आपोआप वर येतं," ती म्हणाली. "दाबलं की झालं. मिक्सरच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असतं."

"हो का..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं."

आता कानशिलं तापायची पाळी त्याची होती.

मामाच्या दुकानाची एक रीत होती, आणि ती मामा कुणासाठी मोडत नसे. प्रत्येक कामाची चिठ्ठी करायची. तक्रार काय, दोष काय सापडला, काय केलं, आणि शेवटी गिऱ्हाइकाचा शेरा. एक प्रत यंत्राला चिकटवायची, एक दुकानात ठेवायची. काढलेले जुने भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. "यंत्र उघडून आपण आत काय केलं ते त्याला दिसत नाही," मामा म्हणे. "म्हणून लिहायचं. आपल्या हातून बिघडलं असेल तर तेही लिहायचं. ते तर आधी लिहायचं."

तिने त्या दिवशी चिठ्ठीवर लिहिलं, 'सापडलेला दोष: मालकात.' त्याने चिठ्ठी वाचली, तिच्याच हातातलं पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'दोष मान्य. दुरुस्ती चालू ठेवावी.'

त्या रात्री ती चिठ्ठी दुकानाच्या फायलीत गेली नाही. ती कुठे गेली हे मामाला कळलं, पण तो काही बोलला नाही.

मग काय, त्या घरातल्या वस्तू भराभर कुरकुरू लागल्या. इस्त्री, टेबलफॅन, पाणी तापवायची किटली. प्रत्येक वेळी चहा होई आणि नानांशी गप्पा. नाना म्हणजे त्याचे वडील. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली होती. ओळ उलटी वाचायची सवय अजून जिभेवर होती. दोन वर्षांपासून काचबिंदूने नजर उतरत चालली होती. जाड चष्मा लावून ते समोर बघत बसत आणि बोलणाऱ्याकडे अचूक तोंड वळवत.

"नजर अगदी गेलेली नाही," मुलगा अभिमानाने सांगे. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांचे नंबर तपासायचे आणि काचा बसवायच्या. "दर महिन्याला मी त्यांना तक्ता वाचायला लावतो. अजून तीन ओळी वाचतात. वाढू दिलं नाही मी."

नाना मान डोलवत. काठी घ्यायला ते तयार नव्हते, आणि मुलगा कामावर गेला की सोबतीला कुणी ठेवायलाही नव्हते. "माझ्या घरात मला वाट दाखवायला माणूस? काही नको," म्हणत. आणि खरोखरच, ती बघायची ना, त्यांचं काही अडत नसे. पाणी हवं असलं की ते पलंगाच्या कडेला येऊन बसत, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ बसत. मग एकदम "चला" म्हणून उठत आणि खोली ओलांडून सरळ स्वयंपाकघरात जात. म्हातारपणी उठायला बळ गोळा करावं लागतं, असं तिला वाटलं. आणि फ्रिज नेमका त्याच वेळी खडखडायला लागतो, हे तिच्या कानाला कळलं होतं; तिला मात्र कळलं नाही.

एका संध्याकाळी ती त्याच्या दुकानावरून जात असताना पावसाने गाठलं. आडोशाला उभी राहिली तर त्याने आतूनच हाक मारली.

"बारीक स्क्रू बघताना तू डोळे मिचकावतेस. बस इथं."

"मला चष्मा नको. सगळे हसतील."

"जे हसतील त्यांच्या मिक्सरची बटणं दाबू नकोस."

त्याने तिच्या नाकावर नंबर तपासायची जड, गोल चौकट चढवली आणि एकेक काच बदलू लागला. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि तो इतका जवळ होता की काच पुसायच्या द्रवाचा गारसा वास त्याच्या बोटांना येत होता.

"हे बरं... की हे?"

"हे."

"आता हे... की हे?"

"पहिलं."

"नीट बघ. तक्ता तिकडे आहे. तू माझ्याकडे बघतेयस."

"मला काय नीट दिसतंय ते विचारलंस ना?"

त्याच्या हातातली काच पडता पडता राहिली. पाऊस थांबला तरी दोघं तशीच बसून राहिली. ती चौकट नाकावर घेऊन आपण किती विचित्र दिसत असू, हे तिला घरी गेल्यावर आठवलं, आणि तरी ती हसत सुटली.

चार दिवसांनी त्याने चष्मा करून दिला. आता त्याच्या वाढदिवसाला काय द्यायचं? शर्ट? पुस्तक? ते तर कुणीही देईल. तिला दुसरंच सुचलं, आणि ते सुचलं तेव्हा तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. फ्रिजची खडखड! पहिल्या दिवशी तिने ऐकली ती. ती कायमची घालवायची.

तो कामावर असताना दुपारी ती गेली. नानांनी दार उघडलं.

"नाना, त्याच्यासाठी गंमत करतेय. तुमच्या फ्रिजचा आवाज बंद करणार."

नाना दारात जरा वेळ उभे राहिले. "अगदी बंद?"

"इतका की हात लावल्याशिवाय कळणार नाही चालू आहे की नाही."

"बरं..." ते म्हणाले. "हौस आहे ना तुझी? कर मग."

तिने फ्रिज भिंतीपासून ओढला. दोष साधाच होता. कॉम्प्रेसर ज्या चार रबरी पायांवर बसतो ते वाळून दगड झाले होते, आणि मागची तांब्याची नळी पत्र्याला घासत होती. तिने रबर बदलले, नळी हलक्या हाताने वाकवून मोकळी केली, मध्ये स्पंज बसवला. जुने रबर रीतीप्रमाणे पिशवीत घालून फ्रिजवर ठेवले. चिठ्ठी चिकटवली, 'आवाज पूर्ण बंद केला.' असं देखणं काम तिने तोवर केलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने तिचा काळा पडलेला हात धरला आणि गालाला लावला. नाना बसले होते तिथेच, पण त्यांना तेवढ्या लांबून काय दिसणार म्हणून दोघांनी ती चोरी करून घेतली.

"छान झालं," नाना म्हणाले. जरासे उशिरा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. नाना पडले होते.

त्या घरात पुढच्या खोलीतून दोन वाटा निघत होत्या, शेजारी शेजारी. एक स्वयंपाकघरात, दुसरी दोन पायऱ्या उतरून मागच्या गॅलरीत. नाना गॅलरीच्या पायऱ्यांवरून खाली गेले. खुबा मोडला. शेजारच्या बाईंना कण्हणं ऐकू आलं तेव्हा किती वेळ झाला होता कुणास ठाऊक.

"रोजची वाट," दवाखान्याच्या बाकावर बसून तो सारखा तेच म्हणत होता. "डोळे मिटून जातील अशी रोजची वाट. आजच काय झालं असेल?"

ती त्याचा हात धरून बसली होती. हातात हात होता आणि डोकं मात्र सवयीने कामाला लागलं होतं. काल आणि आज यांच्यात काय बदललं? मामाने शिकवलेला पहिला प्रश्न हाच. यंत्र काल चालत होतं, आज नाही. मध्ये कुणी काय हलवलं? आणि बाकावर बसल्या बसल्या तिला ते उत्तर सापडलं. तिचा हात त्याच्या हातातून सुटला. त्याला वाटलं, ती घाबरली असेल.

तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा ती नानांच्या खाटेशी जाऊन उभी राहिली.

"नाना... तुम्ही त्या आवाजावर चालत होतात ना?"

नानांनी चेहरा तिच्याकडे वळवला. "उजव्या कानात धरायचा त्याला. मग वाट चुकत नाही. बंद असला की सुरू होईपर्यंत बसून राहायचं."

"मग काल मला का नाही सांगितलंत?"

"इतक्या हौसेनं आली होतीस. शिवाय सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. वाटलं, बारीकसा तरी येईल. आज दीड तास बसलो पोरी, कान लावून. घसा अगदी कोरडा पडला. मग म्हटलं, जाऊ अंदाजानं."

तिला हुंदका आवरेना. तोंडावर ओढणी दाबून ती म्हणाली, "सगळंच म्हणजे?"

"मला काही दिसत नाही. वर्ष झालं. उजेडसुद्धा नाही."

"पण तो तक्ता... तीन ओळी..."

"छापखान्यात आयुष्य गेलं माझं. तीन ओळी पाठ करायला काय लागतं?" नाना हसले, आणि दुखलं म्हणून थांबले. "पोरगा इतका खूश व्हायचा. त्याला वाटायचं, त्यानं धरून ठेवलीय नजर. त्याला हे सांगू नकोस. आवाजाचंही नको. तो तुझ्यावर रागावणार नाही, पण त्याच्या मनातून जाणार नाही. मी ओळखतो त्याला."

तिने मान हलवली.

"हलवलीस का मान? मला कसं कळणार?"

"हो, नाना," ती म्हणाली. "नाही सांगणार."

दहा दिवसांनी नाना घरी आले ते पलंगावरच. आता उठणं नव्हतं. एकदा मुलाच्या देखत ते म्हणाले, "पोरी, तो फ्रिज पुन्हा पहिल्यासारखा कर ना."

"नाना, अहो इतकी मेहनत घेतलीय तिनं!" मुलगा म्हणाला.

"करमत नाही रे त्याच्याशिवाय. आपलं घर कुठं आहे तेच कळत नाही."

त्याने म्हातारपणाचा हट्ट म्हणून तिच्याकडे पाहून हसत मान डोलावली. तिने फ्रिजवरची पिशवी काढली. कडक झालेले ते चार रबर पुन्हा खाली बसवले, स्पंज काढला, नळी होती तशी वाकवली. दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडवणं हे तिच्या हातांना ठाऊक नव्हतं. दोनदा पाना निसटला. मग टक् झालं, खुर्रर्र झालं आणि खडखड सुरू झाली. पलंगावर नानांनी उजवा कान जरासा वर केला आणि डोळे मिटले.

पाच आठवडे ती रोज येत राहिली. त्यांना भरवे, पाठ पुसून देई, बातम्या वाचून दाखवी. सहाव्या आठवड्यात छातीत कफ झाला आणि एका सकाळी नाना गेले. मुलगा त्यांच्याजवळ होता. ती जिन्यात होती, दूध घेऊन येत होती.

महिना गेला. घर आवरलं गेलं, पलंग उभा करून भिंतीला लावला गेला. एका रविवारी दुपारी त्याने तिला बोलावलं. चहा केला, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसली. फ्रिज खडखडत होता.

"आता हा आवाज बंद कर," तो म्हणाला. "नानांसाठी ठेवला होता ना. आता मला तो ऐकवत नाही. आणि..." त्याने कपातला चमचा उगाच फिरवला. "आणि मग जाऊच नकोस. इथंच राहा. माझी होऊन. नानांचीही तीच इच्छा होती. मला बोलले होते."

याच शब्दांची तिने किती वाट पाहिली होती! तिला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पिशवीत नवे रबर होते. अर्ध्या तासाचं काम. आवाज गेला असता, त्याच्याबरोबर गोष्टही गेली असती, आणि जगात कुणालाही कधीही कळलं नसतं. नानांना तिने शब्दही दिला होता.

तिने पिशवीत हात घातला. हाताला चिठ्ठ्यांचं पुस्तक लागलं.

तोंडाने सांगायची तिची छाती नव्हती. तिने लिहिलं, सावकाश, नेहमीच्या रकान्यांत. 'तक्रार: नाना पडले. सापडलेला दोष: फ्रिजच्या आवाजावरून ते स्वयंपाकघराची वाट ओळखत. आवाज मी बंद केला. न विचारता. काय केलं: काहीच करता आलं नाही.'

त्याने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पण हे कसं शक्य आहे? आवाजाची काय गरज होती? त्यांना दिसत होतं की. अंधुक का होईना... तीन ओळी वाचायचे."

ती गप्प राहिली. आणि तिच्या गप्प राहण्यानेच त्याला कळलं.

तिला वाटलं होतं तो ओरडेल, तिला जा म्हणेल. तो फ्रिजकडे बघत राहिला.

"दर महिन्याला," तो पुटपुटला. "दर महिन्याला त्यांना त्याच खुर्चीत बसवायचो मी. तक्ता एकदासुद्धा बदलला नाही. परक्या गिऱ्हाइकासाठी बदलतो गं... माझ्या बापासाठी नाही बदलला."

"तुझी चूक नाही ती."

"आणि तुझी?"

ती उठली. दारापर्यंत त्याने तिला सोडलं, जिन्याचा दिवा लावला, सांभाळून उतर म्हणाला. इतकं सगळं नीट झालं म्हणूनच ती रस्त्यात रडली.

दोन महिने त्याच्याकडून काही कळलं नाही. मग मामाला निरोप आला, जागा सोडतोय, फ्रिज घेऊन जा. मामा म्हणाला, "टेम्पोवाल्याला पाठवतो. तू जाऊ नकोस." ती गेली.

खोल्यांत खोकी रचलेली होती. तो मोठ्या बहिणीच्या गावी निघाला होता. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम मिळालं होतं. खेड्यांतून जाऊन म्हाताऱ्यांचे डोळे तपासायचे. "तक्ते घेतलेत नवीन," तो म्हणाला. "बारा वेगवेगळे." तो बारीक झाला होता. तिने दिलेल्या चिठ्ठीची घडी त्याच्या खिशातून डोकावत होती.

"रागावलायस?"

"नाही. शप्पथ नाही. त्या दिवशी तू सांगितलं नसतंस तर मी सुखानं राहिलो असतो आणि तू मात्र एकटीनं ते ओझं वाहिलं असतंस." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "पण तुला बघितलं की मला तो तक्ता दिसतो. आणि तुला मी दिसलो की..."

"पायऱ्या दिसतात," ती म्हणाली.

"मग दोघांनी एका घरात कसं राहायचं?"

प्रेम होतं. दोघांचंही होतं, पुरेपूर होतं, आणि तरी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात ते कुठे ठेवावं हे दोघांनाही कळेना. त्याने चिठ्ठी काढली. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तिच्या पिशवीतलं पेन घेऊन त्याने उभ्या उभ्या लिहिलं, चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि खाली टेम्पोवाल्याला हाक मारायला गेला. 'फ्रिज तुझ्याकडे राहू दे. आवाज बंद करू नये.'

ही दुसरी चिठ्ठीही दुकानाच्या फायलीत गेली नाही.

फ्रिज दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहिला. मामाचं इन्सुलिन आणि दूध त्यात राही. येणारं-जाणारं गिऱ्हाईक चेष्टा करी, "बाई, लोकांचे फ्रिज गप्प करता आणि तुमचाच बोंबलतोय की!" ती नाकावरचा चष्मा वर ढकलून म्हणे, "तो चांगला आहे." यापलीकडे ती काही सांगत नसे. मात्र एक सवय तिने लावून घेतली होती. कुठल्याही घरात आवाज बंद करायच्या आधी ती सगळ्यांना विचारी, म्हाताऱ्यांना तर दोनदा, की हा आवाज कुणाला हवा आहे का? लोकांना वाटे, बाई जरा विक्षिप्त आहे.

वर्ष सरत आलं. एका दुपारी, दुकानात मामा डुलक्या घेत असताना, फोन वाजला. तिने कानाला लावला. पलीकडे कुणी बोलेना. पण श्वास ओळखू यायला तिच्या कानाला वेळ लागत नाही.

"बोल," ती म्हणाली.

"आज एका आजींचा तक्ता बदलला," तो म्हणाला. "पहिला घडाघडा वाचला, दुसरा लावला तर गप्पच. खूप रडल्या. मग म्हणाल्या, बरं झालं बाबा, आता पाठ करायला नको." तो थांबला. "कुणाला सांगू कळेना. म्हणून..."

मामाने एक डोळा उघडला आणि शहाण्या माणसासारखा पुन्हा मिटला.

"तो आहे ना अजून?" त्याने विचारलं. "पहिल्यासारखाच?"

"आहे."

"ऐकव ना जरा."

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. फ्रिज गप्प होता. नुकताच थांबला होता.

"आत्ता बंद पडलाय," ती म्हणाली. "पुन्हा सुरू व्हायला वीस मिनिटं तरी लागतील."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. फोन ठेवला की काय, असं तिला वाटून गेलं.

"मी थांबतो," तो म्हणाला.

तिने स्टूल ओढून फ्रिजजवळ नेलं. फोन कानाशी धरून, दुसरा हात गुडघ्यावर ठेवून ती बसली. तिकडे तोही कुठेतरी बसला असावा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दोघं वाट पाहू लागली.